खवला

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या रांगेत माझा गाळा.
टेबलावर भिंग, सोल्डरचा वास,
खिळ्यांना उलटे टांगलेले हेडफोन.
लहान विमानांचे रेडिओ इथे येतात
मुके झाल्याची तक्रार घेऊन.
बहुतेक वेळा मुकं कुणी झालेलं नसतंच.

निमिषा मढवी स्वतः आली.
ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातली,
एकशे सदतीस तास उडालेली.
प्लॅस्टिकच्या पिशवीत चार फूट वायर आणि तिच्या टोकाला
दाबून बोलायचं बटण.

"पुलावर होते, दीड हजार फुटांवर," म्हणाली.
"टॉवर बोलता बोलता गेला.
कुणी दार ओढून घ्यावं तसा."

मग जे जे करतात ते तिनं केलं.
आवाजाची खुंटी पार उजवीकडे.
स्क्वेल्च उघडा, निदान खरखर तरी यावी.
तीही नाही.
(इथे मी मान वर केली. खरखरसुद्धा नाही?)
फ्रिक्वेन्सीचा आकडा न् आकडा मोठ्यानं वाचला.
दुसरा सेट लावला. हेडफोनची पिन काढून फ्रॉकला पुसावी
तशी मांडीवर पुसून परत खोचली.
ब्रेकर चाचपले, अंधारात जिन्याची पायरी चाचपतात तसे.
मध्येच घैसास सर आठवले:
आधी विमान उडव, मग वाट बघ,
बोलणं सगळ्यात शेवटी.

म्हणून तिनं ट्रान्सपॉन्डरवर सात-सहा-शून्य-शून्य फिरवलं.
म्हणजे रडारवर एवढंच उमटतं:
मी आहे. माझा आवाज नाही.

खाली ओहोटी, चिखलातून वळत गेलेलं पाणी,
त्यात एक ठिपका बापाच्या होडीचा असणार.
होडीवरही रेडिओ आहे, सोळा नंबरचा चॅनल,
पण दर्याचा रेडिओ आणि आभाळाचा रेडिओ
एकाच खाडीवर राहून एकमेकांना बहिरे.
हे मला ठाऊक. तिलाही.
तरी ती म्हणाली, "बाबा, ऐकतोस का रे?"

टॉवरमधल्या माणसाचा फोन मला आधीच आला होता.
नऊ मिनिटं, म्हणाला, नऊ मिनिटं ती पोरगी
सगळ्यांच्या कानात होती.
दुसरं कुणी तोंड उघडलं की नुसती शीळ.
दर्यावरून परतणारं एक हेलिकॉप्टर घिरट्या घालत राहिलं.
तिचा श्वास ऐकला, पेट्रोलचं गणित ऐकलं,
स्वतःला दिलेली एक शिवी,
"सुकट उन्हातच राहिली" हेही.
तिला सांगायची गोष्ट एकच होती,
आणि ती सांगायची वाट तिनंच अडवलेली.

शेवटी खिडकीतून दिव्याची बंदूक धरली त्यांनी.
हिरवा. न लुकलुकणारा.
तिनं पंख हलवले, डावा, उजवा, परत डावा,
आणि उतरली.

बटण उघडलं मी. स्प्रिंग शाबूत.
कडेला काहीतरी चमकलं.
चिमट्यानं भिंगाखाली धरलं तर खवला,
बोईटाचा, त्याच्या सगळ्या बारीक रेघांसकट.
बटण एकदा आत गेलं ते त्याच्यामुळे वर आलंच नव्हतं.
"सकाळी मासे साफ केलेस?"
"रविवार होता. मग?"

हसली. मग हसणं अर्ध्यावर ठेवून म्हणाली,
"म्हणजे सगळं ऐकलं त्यांनी?"
"हो."
"आणि बाबानं?"
मी सोल्डरिंगची सुई उगाच पुसत बसलो.

खवला तिनं मागून घेतला,
लॉगबुकात, शेऱ्याच्या रकान्यात सेलोटेपनं चिकटवला.
साफसफाईचे दोनशे रुपये झाले, मी दीडशे घेतले.

जायच्या आधी टेबलावरच्या सेटला जोडून बघ म्हटलं.
तिनं बटण दाबलं. काही बोलली नाही.
सोडलं.
सोडल्यावर खरखर आली,
भरतीचं पाणी वाळूत शिरतं तशी,
आणि आम्ही दोघं, तिला उशीर होत असूनही,
ती ऐकत बसलो.